खळाळत्या पाण्यातील दोन सेकंद

दोन सेकंद म्हणजे किती काळ? एक दीर्घ श्वास घेऊन सोडायलाही याहून अधिक वेळ लागतो. रोजच्या व्यवहारात आपण एवढ्याशा काळाची गणती करीत नाही. आगगाडी दहा मिनिटे उशिरा आली, तरी ती वेळेवर आली असेच आपण म्हणतो. परंतु जगात असा एक खेळ आहे, की ज्यात दोन सेकंदांवर माणसाच्या चार-चार वर्षांच्या परिश्रमांचे फळ अवलंबून असते. या खेळाचे नाव कॅनो स्लालम. खळाळत्या पाण्यातून, टांगलेल्या काठ्यांच्या दारांमधून, एका वल्ह्याच्या साहाय्याने होडी नेण्याचा हा खेळ आहे.

स्लोव्हाकिया या मध्य युरोपातील लहानशा देशाचा मिखाल मार्तिकान हा या खेळातील एक थोर खेळाडू. १९९६ ते २०१२ या काळात झालेल्या पाच ऑलिंपिक स्पर्धांत त्याने भाग घेतला आणि पाचही वेळा पदक मिळवले. दोन सुवर्ण, दोन रौप्य आणि एक कांस्य अशी ही पदके आहेत. त्याच्या या पाच स्पर्धांचे निकाल एकत्र ठेवून पाहिले, तर एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते. तो जिंकला तेव्हा त्याच्यात आणि दुसऱ्या क्रमांकाच्या खेळाडूत, आणि तो हरला तेव्हा त्याच्यात आणि विजेत्यात, प्रत्येक वेळी दोन सेकंदांहून कमी अंतर होते. आणि या खेळात टांगलेल्या काठीला नुसता स्पर्श झाला, तरी त्याचा दंड असतो नेमका दोन सेकंदांचा! या योगायोगाचा अर्थ कळायचा, तर आधी खेळ समजून घ्यायला हवा.

स्लालम हा शब्द मूळचा नॉर्वेजियन भाषेतला. बर्फाच्छादित उतारावरून, रोवलेल्या काठ्यांच्या मधून वळणे घेत घसरत जाण्याच्या खेळाला हे नाव होते. १९३०च्या दशकाच्या प्रारंभी स्वित्झर्लंडमधील काही हौशी मंडळींना वाटले, की हिवाळ्यात बर्फावर जे करतो तेच उन्हाळ्यात पाण्यावर का करू नये? त्यातून हा खेळ जन्माला आला. १९४९ साली जिनिव्हा येथे त्याची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा भरली. ऑलिंपिकमध्ये मात्र तो प्रथम १९७२ साली, म्यूनिक ऑलिंपिकच्या वेळी आला. त्यासाठी आउग्सबुर्ग या गावी सिमेंट-काँक्रीटचा मुद्दाम बांधलेला जलमार्ग तयार करण्यात आला होता. तेव्हाच्या पूर्व जर्मनीने त्या मार्गाची हुबेहूब नक्कल आपल्या देशात उभारली, तीवर आपल्या खेळाडूंकडून कसून सराव करून घेतला आणि चारही सुवर्णपदके पटकावली. या चातुर्याचे कौतुक करावे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे! त्यानंतर वीस वर्षे हा खेळ ऑलिंपिकबाहेरच राहिला. १९९२च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये तो परत आला आणि तेव्हापासून टिकून आहे.

वेगवान पाणी ही या खेळाची पहिली गरज. असे पाणी आपल्याकडेही आहे. महाराष्ट्रात रायगड जिल्ह्यातील कोलाडजवळ कुंडलिका नदीत रबरी तराफ्यातून प्रवास करायला हौशी लोक जातात. वीजनिर्मितीसाठी वापरलेले पाणी नदीत सोडले, की एरवी शांत असणारे पात्र तेथे एकाएकी खळाळू लागते. मध्य प्रदेशातील महेश्वर तर या खेळाचेच एक ठिकाण आहे. जेथून अहिल्याबाई होळकरांनी राज्यकारभार केला, त्या महेश्वराजवळ नर्मदा सहस्रधारा येथे खडकांमधून असंख्य धारांनी फुटून वाहते. २०२३ च्या प्रारंभी झालेल्या खेलो इंडिया युवा स्पर्धांतील स्लालमच्या शर्यती येथेच घेण्यात आल्या.

अशा पाण्यावर आडव्या तारा ताणतात आणि त्या तारांना काठ्यांच्या जोड्या टांगतात. एक जोडी म्हणजे एक दार. काठ्यांची खालची टोके पाण्यापासून साधारण वीतभर उंचीवर लोंबत असतात. एका शर्यतीत अशी १८ ते २५ दारे असतात. हिरव्या काठ्यांच्या दारातून प्रवाहाबरोबर खाली जायचे. लाल काठ्यांच्या दारातून मात्र प्रवाहाच्या उलट दिशेने, म्हणजे वर चढत जायचे. लाल दारे किमान सहा तरी असतातच. खेळाडूचे डोके आणि होडीचा काही भाग दोन काठ्यांच्या मधून गेला, तरच दार पार झाले असे मानतात. काठीला वल्हे, होडी किंवा अंग लागले, तर वेळेत २ सेकंद मिळवले जातात. अंगातल्या जाकिटाची कड लागली तरी तो स्पर्शच. दार चुकले, तर ५० सेकंदांचा दंड होतो, म्हणजे शर्यत हातची गेलीच. सारी शर्यत दीड-पावणेदोन मिनिटांत आटोपते. प्रत्यक्ष लागलेला वेळ आणि दंडाचे सेकंद यांची बेरीज ज्याची सर्वांत कमी, तो विजेता.

पाण्याच्या विरुद्ध दिशेने, तेही एवढ्या वेगाच्या प्रवाहात, होडी चढवायची कशी, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. उत्तर नदीतच आहे. प्रवाहात मोठा खडक असला, की पाणी त्याच्या दोन्ही बाजूंनी वेगाने निघून जाते. पण खडकाच्या मागच्या बाजूला ते वळून उलटे, खडकाकडे वाहू लागते. नदीकाठच्या कोणत्याही नावाड्याला ही गोष्ट ठाऊक असते. होडी थोपवायची असेल, तेव्हा तो अशाच जागेचा आश्रय घेतो. लाल दारे बहुधा अशा उलट्या पाण्यावर टांगलेली असतात. खेळाडू मुख्य प्रवाहातून येतो, होडीचे नाक त्या उलट्या पाण्यात घालतो आणि अंग कलते करून वल्हे पाण्यात रोवतो. नाक थांबते, शेपूट मात्र प्रवाहाच्या जोराने फिरते आणि होडी जागच्या जागी वळून दारासमोर उभी राहते. मग दोन-तीन जोरकस वल्ही मारून तो दारातून वर निसटतो आणि पुन्हा प्रवाहात शिरतो. सारा प्रकार अवघ्या काही सेकंदांचा. यात कुशल खेळाडू पाण्याशी झगडताना दिसत नाही; पाण्याचाच जोर तो आपल्या कामाला लावतो. नवखा खेळाडू आणि कसलेला खेळाडू यांच्यातील फरक ओळखायचा असेल, तर लाल दारापाशी पाहावे.

या खेळात होड्या दोन प्रकारच्या असतात. कयाकमध्ये खेळाडू पाय पसरून बसतो आणि त्याच्या वल्ह्याला दोन्ही टोकांना पाती असतात. कॅनोमध्ये तो गुडघे टेकून बसतो आणि वल्ह्याला एकाच टोकाला पाते असते. साहजिकच कॅनो अधिक कठीण. उजवीकडे वल्हे मारणाऱ्याला डावीकडे मारायची वेळ आली, तर त्याला हातांची पकड न बदलता सारे धड पिळून वल्हे होडीच्या पलीकडच्या बाजूला न्यावे लागते. मार्तिकान हा एकेरी कॅनोचा खेळाडू.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण तिच्यामुळे हा खेळ केवळ ताकदीचा राहत नाही. दारांची मांडणी शर्यतीपूर्वी जाहीर होते. पण त्या मांडणीवर सराव करण्याची परवानगी नसते. खेळाडू काठावरून चालत सारी दारे न्याहाळतात, दुसऱ्या कोणी केलेली प्रात्यक्षिक फेरी पाहतात आणि मार्ग मनात साठवतात. शर्यतीच्या आधी काठावर उभे राहून, डोळे मिटून, हातांनी हवेतच वल्हे चालवणारे खेळाडू पाहून अनोळखी माणसाला नवल वाटेल. ते त्या वेळी मनातल्या मनात नदी उतरत असतात.

मिखाल मार्तिकानचा जन्म १८ मे १९७९ रोजी लिप्टोव्स्की मिकुलाश या गावी झाला. डोंगरांच्या कुशीत, व्हाह नदीच्या काठी वसलेले हे गाव. तेथे नदीच्या पाण्यावर चालणारा स्लालमचा एक जुना कृत्रिम मार्ग आहे. मिखालचे वडील योझेफ मार्तिकान हेच त्याचे प्रशिक्षक. मुलाने या पाण्यात वाढावे आणि बापाने काठावरून घड्याळ लावावे, असा हा घरचाच अभ्यास होता. तो जन्मला तेव्हा देशाचे नाव चेकोस्लोव्हाकिया होते. १ जानेवारी १९९३ रोजी त्या देशाचे शांततेने दोन भाग झाले आणि स्लोव्हाकिया हे स्वतंत्र राष्ट्र अस्तित्वात आले. मिखाल तेव्हा तेरा वर्षांचा होता. सोळाव्या वर्षी त्याने विश्वचषक मालिकेतील शर्यत जिंकली. एवढ्या लहान वयात असे यश तोवर कोणी मिळवलेले नव्हते.

१९९६च्या अटलांटा ऑलिंपिकमधील स्लालमच्या शर्यती टेनेसी राज्यातील ओकोई नदीवर झाल्या. वीजनिर्मितीसाठी पाणी दुसरीकडे वळवल्यामुळे या नदीचे ते पात्र एरवी बहुतांश कोरडे असे. स्पर्धेसाठी त्या पात्राची डागडुजी करून त्यात पाणी सोडण्यात आले. मार्तिकान सतरा वर्षांचा होता. त्याच्यासमोर होता चेक प्रजासत्ताकाचा लुकाश पोलर्ट, मागच्या ऑलिंपिकचा विजेता. दोन फेऱ्यांपैकी चांगली फेरी धरायची, असा तेव्हा नियम होता. मार्तिकानची वेळ ठरली १५१.०३ सेकंद आणि पोलर्टची १५१.१७. केवळ ०.१४ सेकंदाने या मुलाने सुवर्णपदक जिंकले. स्वतंत्र स्लोव्हाकियाचे हे पहिलेच ऑलिंपिक सुवर्णपदक. त्या काळी काठीला स्पर्श झाल्याचा दंड दोन नव्हे, पाच सेकंदांचा होता, हेही येथे लक्षात घ्यावे. एका स्पर्शाने तो पहिल्या तिघांतूनही बाहेर फेकला गेला असता, कारण तिसऱ्या क्रमांकाची वेळ होती १५२.८४. हा तिसरा खेळाडू होता फ्रान्सचा पात्रिस एस्तांगे.

एस्तांगे हे नाव येथून पुढे पुन्हा पुन्हा येणार आहे. मात्र ते पात्रिसचे नव्हे. पात्रिसला तोनी नावाचा धाकटा भाऊ होता. तोनी मार्तिकानहून एक वर्षाने मोठा. फ्रान्समधील पो या गावी जन्मलेले हे भाऊ वडिलांमुळेच या खेळात आले.  २००० सालच्या सिडनी ऑलिंपिकच्या फ्रेंच संघातील जागेसाठी दोघा भावांत चुरस झाली. निवड चाचणीत धाकट्याने थोरल्याला मागे टाकले. कांस्यपदक विजेता थोरला भाऊ घरी राहिला आणि धाकटा सिडनीला गेला. अशा प्रसंगी घरात काय बोलले गेले असेल, याची कल्पनाच केलेली बरी. पुढे अनेक वर्षांनी पात्रिस हाच तोनीचा प्रशिक्षक झाला, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

सिडनीजवळ पेनरिथ येथे या स्पर्धेसाठी नवा मार्ग बांधला होता. खालच्या तळ्यातले पाणी पंपांनी उचलून वर नेायचे आणि मार्गातून पुन्हा खाली सोडायचे, अशी तेथील रचना. आता दोन फेऱ्यांच्या वेळांची बेरीज धरली जात होती आणि स्पर्शाचा दंड दोन सेकंदांवर आला होता. तोनी एस्तांगेची बेरीज झाली २३१.८७ सेकंद, मार्तिकानची २३३.७६. अंतर १.८९ सेकंद. स्लोव्हाकियाच्याच युराय मिन्चिकला कांस्यपदक मिळाले. मधल्या काळात, १९९७ साली ब्राझीलमध्ये मार्तिकान जागतिक विजेता झाला होता. सिडनीनंतर २००२ आणि २००३ अशी लागोपाठ दोन वर्षे त्याने पुन्हा जागतिक अजिंक्यपद मिळवले. २००४च्या अथेन्स ऑलिंपिकला तो निघाला, तेव्हा त्याच्याइतका भक्कम दावेदार दुसरा नव्हता.

अथेन्सच्या जुन्या विमानतळाच्या जागेवर, हेलिनिको येथे, स्लालमचा मार्ग उभारला होता आणि त्यात चक्क समुद्राचे खारे पाणी खेळवले होते. उपांत्य आणि अंतिम अशा दोन फेऱ्यांची बेरीज धरायची होती. मार्तिकानचा वेग पाहता सुवर्णपदक त्याच्या पदरात पडल्यासारखे होते. परंतु एका दाराच्या काठीला स्पर्श झाल्याचा निर्णय पंचांनी दिला आणि त्याच्या वेळेत दोन सेकंद मिळवले गेले. या निर्णयावर पुष्कळ वाद झाला. अंतिम आकडे असे ठरले: तोनी एस्तांगे १८९.१६ सेकंद, मिखाल मार्तिकान १८९.२८ सेकंद.

अंतर होते ०.१२ सेकंदाचे. एकूण वेळेच्या पंधराशे भागांपैकी एका भागाहूनही कमी. होडी सरासरी सेकंदाला तीन मीटर जाते असे धरले, तर हे अंतर भरते जेमतेम दीड वीत. तो दंड नसता, तर १.८८ सेकंदांनी मार्तिकान विजयी झाला असता. आठ वर्षांपूर्वी ०.१४ सेकंदाने ज्याला सुवर्ण मिळाले होते, त्याचेच सुवर्ण आता ०.१२ सेकंदाने गेले.

हा दंड क्रूर आहे का? वरवर पाहता तसे वाटते खरे. दोऱ्यावर टांगलेली काठी वाऱ्यानेही हलते. तिला होडी लागली की नाही, हे काठावर बसलेल्या पंचाने क्षणात ठरवायचे असते, आणि कधी कधी खुद्द खेळाडूलाही स्पर्श झाल्याचे जाणवत नाही. पण हा दंड काढून टाकला, तर काय होईल याचा विचार करा. जवळचा मार्ग मिळावा म्हणून प्रत्येक खेळाडू काठ्यांना धडका देत सुटेल आणि जो सर्वांत बलवान, तोच जिंकेल. आजचा खेळाडू काठीच्या जितक्या जवळून जाईल, तितका त्याचा मार्ग आखूड होतो आणि तितकाच स्पर्शाचा धोका वाढतो. चार बोटे दूर राहिला, तर वेळ जातो. चार बोटे जवळ गेला, तर दोन सेकंद जातात. शर्यतीत प्रत्येक दारापाशी हा हिशोब नव्याने मांडावा लागतो. मार्तिकान हा धोका पत्करूनच खेळत असे आणि त्याची पुष्कळशी पदके या धाडसाचीच कमाई होती. अथेन्सचा निकाल त्यामुळे दुर्दैवी म्हणावा लागेल. पण नियमामुळे त्याच्यावर अन्याय झाला, असे म्हणता येणार नाही.

त्यानंतरची चार वर्षे सोपी नव्हती. याच सुमारास होड्यांची किमान लांबी चार मीटरवरून साडेतीन मीटरवर आणण्यात आली. आखूड होडी चटकन वळते. मात्र तिचा तोल आणि तिची चाल निराळी असते. लहानपणापासून अंगवळणी पडलेल्या गोष्टी त्याला विशी उलटून गेल्यावर नव्याने शिकाव्या लागल्या. २००६ साली प्राग येथे तोनी एस्तांगे प्रथमच जागतिक विजेता झाला. २००७ साली मार्तिकानने ब्राझीलमधील फोझ दो इग्वासू येथे आपले चौथे वैयक्तिक जागतिक विजेतेपद मिळवले.

२००८च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उद्घाटनाच्या संचलनात फ्रान्सचा ध्वज तोनी एस्तांगेच्या हाती होता. एवढा मान मिळालेला हा विजेता उपांत्य फेरीतच बाद झाला! मार्तिकानने १७६.६५ सेकंदांची बेरीज नोंदवून सुवर्णपदक जिंकले. ब्रिटनचा डेव्हिड फ्लोरेन्स १७८.६१ सेकंदांसह दुसरा आला. अंतर १.९६ सेकंद, म्हणजे पुन्हा एका स्पर्शाच्या आतच. पहिल्या आणि या दुसऱ्या सुवर्णात बारा वर्षांचे अंतर होते.

येथे मार्तिकानच्या देशाविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. १९९६ ते २००८ या काळात स्लोव्हाकियाने उन्हाळी ऑलिंपिकमध्ये एकूण सात सुवर्णपदके जिंकली आणि ती सातही कॅनो स्लालमचीच होती. दोन मार्तिकानची, तीन पावोल आणि पेटर होखशोर्नर या जुळ्या भावांची दुहेरी कॅनोतील, आणि दोन एलेना कालिस्का हिची महिलांच्या कयाकमधील. एक नवे, लहानसे राष्ट्र जगाच्या नकाशावर आपली ओळख निर्माण करीत होते आणि ती ओळख त्याला होडीत बसलेल्या चार माणसांनी करून दिली. डोंगरी नद्या, गावोगावचे क्रीडामंडळ आणि घरातून घरात चालत आलेले ज्ञान यांचा हा परिणाम असावा. धनाढ्य देशांना पैशांनी कृत्रिम नदी बांधता येते. पण नदी ओळखणारा बाप काही बांधता येत नाही.

२०१२ साली लंडनजवळच्या ली व्हॅली येथे दोघे प्रतिस्पर्धी पुन्हा समोरासमोर आले. एक चौतीस वर्षांचा, दुसरा तेहेतीस वर्षांचा. आता बेरीज नव्हती. अंतिम फेरी हीच काय ती खरी. एस्तांगेची वेळ ९७.०६ सेकंद, जर्मनीच्या सिदेरिस तासियादिसची ९८.०९ आणि मार्तिकानची ९८.३१. एस्तांगेला तिसरे सुवर्ण मिळाले आणि मार्तिकानला कांस्य. विजेत्यापासून तो १.२५ सेकंदांनी मागे होता.

त्याच वर्षी एस्तांगेने स्पर्धात्मक खेळातून निवृत्ती घेतली. मार्तिकानने मात्र वल्हे खाली ठेवले नाही. अलेक्झांडर स्लाफकोव्स्की आणि मातेय बेन्युश या देशबांधवांसह त्याने सांघिक प्रकारात जागतिक विजेतेपदे मिळवली. परंतु ज्यांच्याबरोबर तो संघात खेळे, त्यांच्याशीच त्याला ऑलिंपिकच्या एकमेव जागेसाठी लढावे लागे. २०१६च्या रिओ ऑलिंपिकची ती जागा बेन्युशला मिळाली. लागोपाठ पाच ऑलिंपिकमध्ये पदक मिळवणाऱ्या खेळाडूला सहाव्या ऑलिंपिकमध्ये उतरताच आले नाही. सोळा वर्षांपूर्वी पात्रिस एस्तांगेवर जी वेळ आली होती, तीच आता मार्तिकानवर आली. बेन्युशने रिओमध्ये रौप्यपदक मिळवून आपली निवड सार्थ ठरवली.

ऑलिंपिकमधील पाच पदके हा या खेळातील मार्तिकानचा विक्रम पुष्कळ वर्षे अबाधित होता. तो मोडला एका स्त्रीने. ऑस्ट्रेलियाची जेसिका फॉक्स ही मार्तिकानने सिडनी ऑलिंपिकचे रौप्य मिळवले त्याच पेनरिथच्या पाण्यात शिकून मोठी झाली. तिची आई मिरियम हिने १९९६ साली ओकोई नदीवर, मार्तिकानच्या पहिल्या सुवर्णाच्याच स्पर्धेत, कयाकमध्ये कांस्यपदक मिळवले होते. गुडघे टेकून चालवायची एकेरी कॅनो ऑलिंपिकमध्ये दीर्घकाळ केवळ पुरुषांसाठी राखीव होती. स्त्रियांसाठी तो प्रकार प्रथम २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये खुला झाला आणि त्याचे पहिले सुवर्ण जेसिकाने जिंकले. २०२४ साली पॅरिसमध्ये तिने कयाक आणि कॅनो अशा दोन्ही प्रकारांत सुवर्ण मिळवले. त्यामुळे तिची ऑलिंपिक पदके सहा झाली.

पॅरिसच्या त्या स्पर्धांच्या संयोजन समितीचा अध्यक्ष होता तोनी एस्तांगे. तेथे पुरुषांच्या एकेरी कॅनोत फ्रान्सच्याच निकोला जेस्तां याने सुवर्ण जिंकले, तेही पाच सेकंदांहून अधिक अंतराने. कांस्यपदक मिळाले ते मातेय बेन्युशला.